एक भुरका जपानी

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात मेसच्या जेवणावर लेख आला नाही, असं एकही वर्ष गेलं नसावं. आमटीतली डाळ शोधणे, पोळीची टेन्साइल टेस्ट वगैरे सगळे विनोद सीनिअर्सनी करून ठेवलेत. मेसचे मामाही ते वाचून मनापासून हसतात. (आमटी मात्र होती तशीच!) म्हणून यंदा मी मेसच्या बाहेरचं लिहायचं ठरवलं. एकदम बाहेरचं, जपानी!

घाबरू नका. रामेन हा पदार्थ हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाने खाल्लेला आहे, फक्त वेगळ्या नावाने. रात्री दीड वाजता, जर्नलचा ढीग बाजूला सारून, इलेक्ट्रिक किटलीत जो पदार्थ शिजतो (रेक्टर मॅडम, ही फक्त ऐकीव माहिती आहे) तो रामेनचा धाकटा भाऊ. १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकु आंदो नावाच्या गृहस्थांनी शिजवलेल्या शेवया तेलात तळून पाहिल्या. तळताना शेवयांतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मागे बारीक बारीक भोकं राहतात. मग गरम पाणी ओतलं की ते त्याच भोकांतून परत आत शिरतं. दोन मिनिटांत होणारी सगळी नूडल्स या एका युक्तीवर उभी आहेत. आपल्याकडे मॅगी १९८३ च्या सुमारास आली. मध्ये २०१५ च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पाच महिने ती बाजारातून गायब होती, तेव्हाच्या सीनिअर्सनी ते दिवस कसे काढले असतील देव जाणे.

तर ही झाली इन्स्टंट. पण खरं, साग्रसंगीत रामेन मी खाल्लं ते गेल्या मे महिन्यात, वांद्र्याच्या एका हॉटेलात आणि तेही माझ्या काकांबरोबर. माझे काका म्हणजे किन्हवलीचे शेतकरी. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, चुकूनसुद्धा अंडं नाही.

किन्हवली कुठे आहे हे मला दर सेमिस्टरला नवीन रूममेटला सांगावं लागतं. कसारा लोकलने आसनगावला उतरायचं, शहापूरला यायचं आणि तिथून मुरबाडच्या अंगाने सरळगावकडे जाणारी एस.टी. पकडायची. माझी शाळा मात्र कल्याणला, आत्याकडे राहून, कॉन्व्हेंटमध्ये झाली. त्यामुळे मी सुट्टीत किन्हवलीची आणि एरवी कल्याणची. घरी आजी म्हणायची, ही मराठी बोलते पण इंग्रजीत! (या लेखाचं शुद्धलेखन मैत्रिणीने तपासलंय, उरलेल्या चुका तिच्या.)

काकांचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझा दादा. डिप्लोमा मेकॅनिकल. मुरबाड एम.आय.डी.सी.त एका कंपनीत पाच वर्षं लेथ आणि सी.एन.सी. केलं. नोकरी सांभाळून दर रविवारी जपानी भाषेच्या क्लासला गेला आणि डिसेंबरमध्ये एन-फोर ही परीक्षा पास झाला. या परीक्षेत एन-फाइव्ह सर्वांत सोपी आणि एन-वन सर्वांत कठीण, म्हणजे आपल्या सेमिस्टरच्या बरोबर उलटं. मग नागोयाजवळच्या एका मशीन शॉपमधून बोलावणं आलं. घरात पेढे वाटले गेले. काकांनीही खाल्ला, पण दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न सुरू केला.

"तिथं खाशील काय?"

दादा स्वतः चिकन-मासे सगळं खातो. तेव्हा खरं तर हा प्रश्नच नव्हता. पण काका सकाळी विचारायचे, संध्याकाळी विचारायचे, गोठ्यातून हाक मारून विचारायचे. खरा प्रश्न दुसरा होता, तो घरात सगळ्यांना कळत होता आणि कुणीच काढत नव्हतं. तीन एकर भातखाचर, काकांचे दोन्ही गुडघे गेलेले आणि जूनमध्ये आवणीला उभं राहणारं माणूस घरात एकच.

शेवटी दादा म्हणाला, "बाबा, तुम्हाला दाखवतोच तिथं काय खातात ते." कागदपत्रांसाठी मुंबईला यायचंच होतं. काकाही "बघू तरी" म्हणून निघाले. मी दादरला येऊन मिळाले.

हॉटेल तसं लहानच. काचेचा दरवाजा, लाकडी बाकं, भिंतीवर जपानी अक्षरं, आत ए.सी. इतका गार की काकांनी उपरणं अंगाभोवती घेतलं. बसल्याबरोबर वेटर आला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "सर, बॉटल्ड वॉटर या रेग्युलर?"

दादाने भाषांतर केलं. काकांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "साधं दे. आमच्याच कडचं हाये ते."

वेटरला काही कळलं नाही. आम्ही दोघं मात्र इतके हसलो की शेजारच्या टेबलवरचे लोक बघायला लागले. ज्यांना अजून कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुंबईच्या नळाला येणारं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसा धरणाचं आहे आणि भातसा आमच्या शहापूर तालुक्यात आहे. तानसा धरणही आमच्याच तालुक्यात, ते तर १८९२ सालचं. भातसाचं पाणी नदीत सोडतात, पिसे इथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग ते मुंबईला जातं. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. आमच्या शेजारच्या पाड्यावरच्या बायका टँकरच्या आवाजाने पहाटे उठतात. आम्ही वांद्र्यात बसलो होतो ते दिवस नेमके तेच. काकांनी ग्लास भरून घेतला, प्यायले, परत भरून घेतला. बोलले काही नाहीत.

आता मेनू. रामेनमध्ये मुख्य प्रकार चार. शिओ म्हणजे मिठाचं, शोयु म्हणजे सोया सॉसचं, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं आणि तोन्कोत्सु म्हणजे डुकराची हाडं तासन् तास उकळून पांढरा दुधासारखा रस्सा काढतात त्याचं. हा चौथा प्रकार दादाने काकांना वाचून दाखवलाच नाही. पण माळकऱ्याची अडचण तिथेच संपत नाही. वरून भाज्या घातलेल्या असल्या तरी खालच्या रश्श्यात बहुतेक वेळा कोंबडी, डुक्कर किंवा मासा असतो. मासा म्हणजे कात्सुओबुशी. तो वाळवून, धुरी देऊन इतका टणक करतात की लाकडासारखा रंधा मारून त्याचे पापुद्रे काढावे लागतात. आपल्या सुकटीचा हा जपानी भाऊबंद.

दादाने वेटरला नीट विचारलं, व्हेज रामेनचा रस्सा कशाचा? वेटर आत जाऊन स्वयंपाक्याला घेऊनच आला. तो दार्जिलिंगकडचा पोरगा, दादाच्याच वयाचा. म्हणाला, कोंबू आणि शिताके, बाकी काही नाही. शिताके म्हणजे वाळवलेल्या अळिंब्या आणि कोंबू म्हणजे समुद्रातलं एक प्रकारचं शेवाळ.

"समुद्रातलं गवत?" काका म्हणाले, "मग ती भाजीच झाली. चालंल."

या कोंबूची गोष्ट आपल्या केमिकलवाल्यांना आवडेल. १९०८ साली किकुनाए इकेदा या प्रोफेसरांनी कोंबूच्या रश्श्याला अशी चव कशाने येते याचा शोध घेतला आणि त्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं. ना गोड, ना आंबट, ना खारट, ना कडू. त्यांनी या चवीला नाव दिलं उमामी. पुढच्याच वर्षी ते पांढऱ्या दाण्यांच्या रूपात बाजारात आलं. नाव? आजिनोमोटो! म्हणजे स्टेशनाबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर भैया जी पांढरी चिमूट टाकतो, तिचा जन्म जपानमधल्या प्रयोगशाळेतला.

आणि मजा पुढेच आहे. रामेन मुळात जपानी नाहीच. ते चिनी. १९१० साली टोकियोच्या असाकुसा भागात रायरायकेन नावाचं दुकान निघालं, मालक जपानी आणि स्वयंपाकी योकोहामाहून आणलेले चिनी. तिथून ते लोकांच्या तोंडी बसलं. कित्येक वर्षं त्याचं नावच 'चुका सोबा' होतं, म्हणजे सरळ सरळ 'चिनी शेवया'. दादाने हे सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हंजी गाडीवरचं चायनीजच की! एवढ्या लांब कशाला आणलंस?"

मला वाटतं जेवणाच्या बाबतीत सगळं जग असंच चालतं. मंचुरियन चीनमध्ये शोधून सापडणार नाही. ते १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वाँग यांनी केलं असं सांगतात. उलट आपली करी तिकडे पोचवणाऱ्यांत रासबिहारी बोस होते. हो, तेच क्रांतिकारक! त्यांच्या सासुरवाडीच्या टोकियोतल्या नाकामुराया दुकानात १९२७ पासून भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. इतिहासाच्या पुस्तकात शाळेत हे कधी आलं नाही, आलं असतं तर मला दोन मार्क जास्त पडले असते.

बोल आले. बोल कसले, आमच्याकडे एवढ्या भांड्यात चार माणसांची आमटी होते. वर मक्याचे दाणे, कांद्याची पात, अळिंबी आणि तळलेलं टोफू. खाली पिवळ्या शेवया. दादाने हात जोडून 'इतादाकिमासु' म्हटलं. जेवणापूर्वी तिकडे म्हणायची पद्धत आहे. काकांनीही नेहमीप्रमाणे हात जोडून डोळे मिटले. दोघांचं एकाच वेळी झालं आणि दोघांनाही ते कळलं नाही.

शेवया पिवळ्या का, तर अंडं असेल अशी काकांना शंका. पण नाही. त्यात कान्सुइ नावाचं खारं पाणी असतं, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. पीठ अल्कलाइन झालं की गव्हातलीच रंगद्रव्यं पिवळी पडतात आणि ग्लुटेन घट्ट होतं, म्हणून शेवया रश्श्यात लगेच गळत नाहीत, दाताखाली रबरासारख्या ताणतात. दादा हे सगळं सांगत होता तेवढ्यात काका म्हणाले, "तुझी आई पापडात घालते त्यो पापडखार रं."

बरोबर! पापडखार हाही सोडियम कार्बोनेटच्याच घरातला. मी चार सेमिस्टर केमिस्ट्रीचं नाव काढून थरथरते आणि काकांनी एका घासात उत्तर दिलं. (हॉस्टेलकरांसाठी फुकट सल्ला : साध्या स्पॅगेटीच्या उकळत्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून बघा, बरीचशी रामेनसारखी लागते. सोडा उतू जातो, मोठं भांडं घ्या.)

आता खायचं कसं? चॉपस्टिक्स काकांनी एकदा बघितल्या आणि बाजूला ठेवल्या. आमच्या शाळेत सिस्टर आठवड्यातून एकदा टेबल मॅनर्सचा तास घ्यायच्या. सूपचा चमचा आपल्यापासून दूर न्यायचा, ओठ मिटलेले, आवाज शून्य. दहा वर्षांत ते अंगात इतकं मुरलंय की मेसमध्येही माझा आवाज येत नाही. आणि इथे दादा सांगतोय की रामेन खाताना आवाज केला तरच खरं! गरम शेवया हवेबरोबर ओढल्या की थोड्या निवतात आणि वास नाकात मागच्या बाजूने चढतो, त्यामुळे चव जास्त लागते. शिवाय घाईने खायचं, कारण रश्श्यात पडून राहिल्या की शेवया फुगतात. तिकडे म्हणे लोक दाराशी मशीनमध्ये पैसे टाकून तिकीट काढतात, बसतात, दहा मिनिटांत संपवतात आणि उठतात. गप्पा नाहीत, टिप नाही.

काकांना यातलं काही शिकवावं लागलं नाही. आमटीचा भुरका मारण्यात पन्नास वर्षं गेलेली. चमच्याने दोन-तीन घास झाल्यावर त्यांनी बोल दोन्ही हातांनी उचलला, तोंडाला लावला आणि असा काही भुरका ओढला की आतून स्वयंपाक्याने मान बाहेर काढून बघितलं! त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. त्या हॉटेलात सगळे जण फोटो काढून, फुंकून फुंकून, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यासारखे खात होते. रामेन रामेनसारखं खाणारं माणूस त्याला बहुतेक पहिल्यांदाच भेटलं असावं.

चव कशी होती म्हणाल, तर चांगली होती. पहिल्या घासाला अळणी वाटली, पाचव्याला कळायला लागली. काकांचं मत : "मीठ हाये, तिखाट नाय. आजारी माणसाला बरं." पण भांडं रिकामं झालं होतं.

तो स्वयंपाकी बाहेर येऊन उभा राहिला. काकांनी त्यांच्या हिंदीत विचारपूस सुरू केली. गाव कौनसा, घरको कौन कौन? तो म्हणाला, आई-वडील आहेत, डोंगरावर मका लावतात. भाऊ बंगलोरला, मी इथे. कितने साल हुए? चार. घर कब गया? दोन वर्षांपूर्वी. तिकिटाचे पैसे, सुट्टी, वगैरे. "मग मक्का कोण काढतं?" काकांनी हे एकदम मराठीतच विचारलं. त्याला ते बरोबर समजलं. "पापा अकेले," तो म्हणाला आणि भांडी उचलून आत गेला.

काका बराच वेळ ग्लासातल्या पाण्याकडे बघत होते.

मग दादाने मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवला. जपानमधली भातलावणी. एक म्हातारा माणूस छोट्या मशीनवर बसलाय आणि मागे रोपं सरळ रेषेत लागत चाललीत. आमच्याकडे राब भाजायचा, रोप खणायचं, चिखलात वाकून आवणी करायची, एका खाचराला आठ-दहा माणसं. काकांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. यंत्राची किंमत विचारली, चिखल किती खोल चालतो विचारलं. मग म्हणाले, "पर ह्यो बाबा तर माझ्याहून म्हातारा हाये."

दादा म्हणाला, "बाबा, तिथं शेतकरी सगळे म्हातारेच आहेत. सरासरी वय पासष्टच्या वर."

"आन् पोरं?"

"शहरात."

"म्हंजी तिथली पोरं शेती सोडून गेली, म्हणून तिथं माणूस कमी पडतं, म्हणून इथनं तू चाललास."

दादाकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि मी तर चार वर्षांनी कुठे असेन ते मलाच ठाऊक नाही. इकॉनॉमिक्सच्या इलेक्टिव्हला लेबर मायग्रेशनवर वीस मार्कांचा प्रश्न असतो. मी त्यावर छान लिहिते, आकृतीसकट. पण त्या टेबलावर तो प्रश्न असा मांडला गेला की आकृती कुठे काढायची तेच कळेना.

बिल आलं. काकांनी ते हातात घेऊन वाचलं. एका बोलचे पैसे म्हणजे गड्याची जवळजवळ दोन दिवसांची मजुरी. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. पण काकांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि दादाला हात लावू दिला नाही. उठताना स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन त्या पोराच्या हातातही वेगळी नोट ठेवली. म्हणाले, "घर फोन कर."

परतीच्या कसारा लोकलमध्ये खिडकी मिळाली होती. (मला कल्याणला आत्याकडे जायचं होतं.) कुर्ला गेल्यावर काका दादाला म्हणाले, "वरची दोन खाचरं खंडानं देऊ. विहिरीजवळचं ठेवू. तेवढं माझ्यानं होईल." बस, एवढंच. त्यानंतर "तिथं खाशील काय" हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. काकीने मात्र दोन किलो पोह्याचे पापड बांधून दिलेच.

गौरी-गणपती करून दादा गेला. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो, तो स्पीकरवर टाकून सगळे ऐकतात. नागोयात 'तैवान रामेन' नावाचं झणझणीत रामेन मिळतं, मिरची-लसणाचं. ते तैवानमध्ये नव्हे, नागोयातच एका तैवानी माणसाने सुरू केलं, आपल्या मंचुरियनसारखं. दादाचं आवडतं तेच. पापड संपलेत.

मागच्या सुट्टीत मी किन्हवलीला होते तेव्हा फोन आला. काकांनी विचारलं, "पानी कसं हाये रं तिथं?"

दादा उत्साहाने सांगायला लागला. नळाचंच पितात सगळे, चोवीस तास असतं, किसो नदीचं पाणी आहे, एकदम गोड.

"आन् धरण कुनाच्या गावात हाये?"

पलीकडे जरा शांतता. "विचारून सांगतो, बाबा."

अजून सांगितलेलं नाही. काका दर रविवारी आठवण करतात.